सोरेनसन सरांचं कार्ड

माझं तोंड जरा फाटकं आहे, हे आधीच सांगून टाकते. प्रसाद, म्हणजे माझा नवरा, म्हणतो, "शरयू, तू आधी बोलतेस आणि विचार नंतर करतेस." खोटं कशाला बोलू, आहे ते तसंच आहे. सोरेनसन सरांशी माझी ओळखसुद्धा भांडणानेच झाली.

आमची अनिका तेव्हा नववीत होती. शाळेतून ईमेल आला की गणिताच्या टेस्टमध्ये तुमच्या मुलीने कॉपी केल्याचा संशय आहे, येऊन भेटा. माझं डोकंच सणकलं. देशपांड्यांची मुलगी, आणि गणितात कॉपी? मी ऑफिसातून तडक शाळेत गेले. वर्गात एक उंच, किडकिडीत माणूस फळा पुसत होता. चेहरा ओळखीचा निघाला. व्हर्ल सोरेनसन, आमच्याच रस्त्यावर पाच घरं सोडून राहणारे. हिवाळ्यात शेजारच्या म्हाताऱ्यांच्या दारातला बर्फ न सांगता उपसून जाणारे ते हेच.

त्यांनी मला दहा मिनिटं बोलू दिलं. मी श्वास घ्यायला थांबले तेव्हा दोन पेपर, अनिकाचा आणि तिच्या मैत्रिणीचा, शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाले, "दोघींची अठरा उत्तरं बरोबर आहेत. त्याने काहीच सिद्ध होत नाही. हुशार मुलींची बरोबर उत्तरं सारखीच येणार. तुम्ही चुका बघा."

सातव्या प्रश्नात दोघींनी एकाच ओळीवर वजाचं चिन्ह गाळलं होतं. चौदाव्यात दोघींनी तोच एक आकडा उलटा लिहिला होता. "बरोबर उत्तर सगळ्यांचं असतं," सर म्हणाले. "चूक ज्याची त्याची असते. दोघींची चूक एकच निघाली, तर एक कागद दुसऱ्यावरून आलाय." मग हळूच म्हणाले, "हे मी वर कळवणार नाही. फक्त तिला म्हणावं, पुढच्या वेळी नुसतं उत्तर नको, पायऱ्या दाखव."

गाडीत अनिका आधी म्हणाली, "वी स्टडीड टुगेदर, आई." एक सिग्नल गेल्यावर रडायला लागली आणि सगळं कबूल केलं. मी दुसऱ्या दिवशी सरांकडे डबाभर चकल्या घेऊन माफी मागायला गेले. तेव्हापासून त्यांचं आमच्याकडे येणं-जाणं सुरू झालं. बोलणं अर्थात इंग्रजीतच, पण मनातल्या मनात मी त्यांना कायम सर आणि तुम्ही असंच म्हणत आले.

सर मॉर्मन, म्हणजे ख्रिश्चनांतल्या एका वेगळ्या पंथाचे. यूटाहचे, पाच पिढ्यांचे. त्यांची बायको जोलीन दर रविवारी त्यांच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवते. चार मुलगे आणि शेंडेफळ ब्रिनली. सर स्वतः बावीस वर्षं रविवारी मुलांना धर्माचा वर्ग शिकवत होते. दारू नाही, सिगरेट नाही, कॉफी नाही, आणि बाई गं, चहासुद्धा नाही! माझ्याकडे आले की गरम पाणी प्यायचे. मी चिडवायची, "सर, तुमच्या देवाला चहानं काय केलंय हो?" ते नुसते हसायचे.

चार वर्षांपूर्वी मार्च महिन्यात, भर दुपारी, दारात उभे राहिले आणि म्हणाले, "शरयू, तुमच्याकडे चहा मिळेल?"

मी म्हटलं, "अहो, आमच्याकडे दुसरं असतं काय!" पण त्यांचा चेहरा बघून माझी गंमत घशातच राहिली. आलं घालून चहा केला. वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी त्या माणसाने आयुष्यातला पहिला चहा घेतला. तोंड वाकडं केलं, मग कप संपवला आणि सांगायला लागले.

त्यांच्या श्रद्धेप्रमाणे दोनशे वर्षांपूर्वी न्यूयॉर्क राज्यातल्या एका शेतकऱ्याच्या पोराला देवदूताने टेकडीत पुरलेल्या सोन्याच्या पत्र्यांचा ग्रंथ दाखवला. जेरुसलेमहून इकडे आलेल्या प्राचीन लोकांचा इतिहास त्यात कोरलेला. भाषा कुणालाच न येणारी. त्या पोराने टोपीत एक खडा ठेवला, टोपीत तोंड घातलं, आणि दैवी शक्तीने इंग्रजी शब्द सांगत गेला. तो त्यांचा पहिला प्रेषित, आणि तो त्यांचा ग्रंथ. त्यात जुन्या बायबलमधले लांबच्या लांब उतारे आहेत. ते त्या लोकांनी जेरुसलेमहून बरोबर आणले होते, असं मानतात.

"त्या रविवारी मी धड्याची तयारी करत होतो," सर म्हणाले. "दोन्ही पुस्तकं शेजारी शेजारी उघडली. सवयच आहे मला. चारशे वर्षांपूर्वी बायबलचं इंग्रजी भाषांतर झालं, त्यात काही चुका राहिल्या होत्या. पुढे विद्वानांनी त्या शोधून काढल्या. शरयू, त्याच चुका, त्याच जागी, आमच्या सोन्याच्या पत्र्यांवर आहेत. आणि ते पत्रे तर त्या भाषांतराच्या हजार-बाराशे वर्षं आधी पुरले होते." कपातला गाळ बघत म्हणाले, "प्रश्न सातवा."

मला लख्ख कळलं. माझ्याच पोरीच्या पेपरवर शिकले होते मी ते.

जोलीनकडे याला उत्तर होतं. देवाने लोकांना ओळखीच्या शब्दांतच सांगितलं, म्हणून शब्द सारखे आले. त्यांच्यातले शिकलेले लोकही हेच म्हणतात, आणि त्यांचं समाधान होतंही. सरांचं होईना. "मी तीस वर्षं मुलांचं हे उत्तर नाकारत आलोय," ते म्हणाले. "आता स्वतःसाठी कसं मान्य करू?"

मी माझ्या स्वभावाप्रमाणे म्हटलं, "मग त्यात काय एवढं? आमच्याकडे सत्यनारायण करतात. कथेत काय काय घडतं! माझ्या आईला आजवर कुणी विचारलं नाही की बाई, हे तुला पटतं का. प्रसादाचा शिरा चांगला झाला म्हणजे झालं."

"आमच्याकडे विचारतात," सर म्हणाले.

खरंच विचारतात! मला तोवर माहीतच नव्हतं. रविवारच्या चर्चमध्ये कुणीही जावं. पण त्यांचं मंदिर वेगळं असतं. तिथे आत जायला कार्ड लागतं. आधी बिशप, म्हणजे त्यांच्या चर्चचा प्रमुख, एकट्याला बसवून ठरलेले प्रश्न विचारतो, मग त्याच्या वरचा अधिकारी पुन्हा तेच विचारतो, आणि उत्तरं पटली तर दोन वर्षांचं कार्ड मिळतं. सरांनी मुदत संपल्यावर नवं कार्ड घेतलं नाही. रविवारी जोलीनशेजारी जाऊन मुकाट्याने बसायचे, तिच्यासाठी. आणि बुधवारी माझ्याकडे चहाला यायचे.

असं सगळं चाललं होतं तोवर चाललं. गेल्या सप्टेंबरात ब्रिनलीचं लग्न ठरलं. फेब्रुवारीतला शनिवार, शिकागोच्या उत्तरेचं मंदिर. आणि लग्न लागतं ते मंदिराच्या आत.

माझ्या डोक्यात आधी प्रकाशच पडला नाही. मी म्हटलं, "अरे वा! अभिनंदन! आम्हाला बोलावताय ना?" सर म्हणाले, "शरयू, मलाच आत जाता येणार नाही."

कार्ड नाही, म्हणून बापाला पोरीच्या लग्नात प्रवेश नाही! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्याकडे लग्नाच्या मांडवात वाटसरू जेवून जातो हो, आणि इथे जन्मदाता बाप दाराबाहेर? चारही मुलग्यांच्या लग्नांत हा माणूस आत होता, चारही वेळा रडला होता. आणि जिला सायकल शिकवली, जिच्या दर टेस्टच्या आदल्या दिवशी टेबलाशी बसला, तिचंच लग्न बघायचं नाही?

"मग आधी साधं लग्न करा की सगळ्यांसमोर. नंतर मंदिरात जाऊ दे त्यांना," मी म्हटलं.

"हल्ली चालतं तसं," सर म्हणाले. "मी विचारलं तिला. ती म्हणाली, डॅड, मला एकदाच करायचंय, आणि तिथेच, भावांसारखं. लहानपणापासून तिला तेच हवं होतं. आणि ते तिला मीच शिकवलंय ना."

त्या क्षणी मी तोंड उघडलं. आज वाटतं, जीभ आवरली असती तर बरं झालं असतं. मी म्हटलं, "सर, आमच्यात म्हणतात, शंभर खोटं बोलावं पण एक लग्न लावावं. तुम्हाला तर एकच बोलायचंय. पोरीसाठी. बोलून टाका आणि जा आत."

पुढच्या बुधवारी सर आले ते चहा नको म्हणून. "खाण्यापिण्याचे नियम पाळता का, हाही प्रश्न असतो," म्हणाले. "निदान तेवढं तरी खरं असू दे." तीन महिने तो माणूस माझ्यासमोर बसून गरम पाणी पीत होता आणि मी त्यांच्यासमोर आल्याचा चहा पीत होते. बाकीच्याही सगळ्या अटी त्यांनी एकेक करून पाळल्या. म्हणजे खोटं फक्त जिथे अगदी इलाजच नाही तिथेच बोलावं लागावं.

डिसेंबरात एका सकाळी आम्ही माझ्या किचन टेबलाशी रीतसर तालीम केली. ते प्रश्न आता कुणालाही वाचायला मिळतात. मी फोनवर यादी काढली आणि बिशप झाले. सर ताठ बसले, परीक्षेला बसल्यासारखे.

"देवावर विश्वास आहे?"

"हो." हे खरं होतं. "कुठे असतो ते विचारू नका," म्हणाले.

"हा धर्म देवानेच पुन्हा प्रकट केला, याची तुमच्या मनाला साक्ष पटली आहे का?"

त्यांनी समोरचा पाण्याचा कप फिरवून ठेवला. मग, "हो."

"असं दात उपटल्यासारखं नाही हो! नीट म्हणा."

"हो," ते नीट म्हणाले.

मी पुढे वाचत गेले. "तुम्ही सर्व बाबतींत प्रामाणिक राहायचा प्रयत्न करता का?"

सरांनी चष्मा काढला. "हा प्रश्न त्याच्यानंतर येतो?"

"हो, नंतर."

"मग ते उत्तर दिल्यावर याचं काय देऊ?"

मी मोठी शहाणी! म्हटलं, "प्रयत्न करता का, एवढंच विचारलंय. प्रयत्न तर तुम्ही करताच." त्यावर ते हसले, आणि मीही हसले. आम्ही तीनदा तालीम केली. तिसऱ्या वेळी ते एकदाही अडखळले नाहीत. मला वाटलं, जिंकलं!

जानेवारीत कार्ड मिळालं. त्यांच्या बिशपला पगार नसतो. हा दिवसा दातांचा डॉक्टर, सरांचा जुना विद्यार्थी. "त्याने मला मिठी मारली," सर सांगत होते, "आणि डोळे पुसले. म्हणाला, ब्रदर सोरेनसन, आम्ही तुमची वाट बघत होतो. शरयू, मी त्याची पाठ थोपटली आणि थँक यू म्हणालो."

"होतं असं. विसराल," मी म्हटलं. आणि शिरा केला. हो, शिरा केला मी. लाज वाटते आता सांगायला.

लग्नाच्या दोन दिवस आधी ब्रिनली घरी आली. सरांनी तिला काही सांगितलं नव्हतं, सरप्राइज द्यायचं होतं त्यांना. जेवणानंतर खिशातून कार्ड काढून तिच्यासमोर ठेवलं. पुढचं सगळं मला शुक्रवारी सकाळी कळलं, त्यांच्याच तोंडून. पाण्याच्या कपाला हातही न लावता सांगत होते.

पोरगी किंचाळलीच म्हणे आनंदाने. गळ्यात पडली, रडली. "डॅड, तू परत आलास! मी रोज प्रार्थना करत होते." आणि मग समोर बसून, डोळे पुसत, विचारलं, "कसं झालं? तुझ्या त्या चुकांचं उत्तर काय मिळालं? सगळं सांग. डॅड, पायऱ्या दाखव."

सर माझ्याकडे बघत म्हणाले, "बिशपला खोटं बोललो. त्याच्या वरच्याला बोललो. तिच्यासमोर तोंडच उघडेना."

तेवढ्यावरूनच तिला कळलं. गणितात हुशार पोरगी, बापाचीच. ओरडली नाही, बिशपला सांगते म्हणाली नाही. कार्ड उचलून त्यांच्या हातात परत दिलं. म्हणाली, "माझ्यासाठी जगात सगळ्यांत खरी जागा ती आहे. डॅड, तिथे खोटं घेऊन येऊ नकोस. प्लीज. तू तिथे बसलास तर मी नवऱ्याकडे नाही, तुझ्याकडेच बघत राहीन."

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"बरं म्हणालो. दुसरं काय म्हणणार? तिचं बरोबर आहे."

धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, अशी गत. मी काय सांगणार होते? खोटं बोला हा सल्ला माझाच. आधी कार्ड नव्हतं म्हणून पोरीला फक्त वाईट वाटलं असतं. आता बाप खोटं बोलला हेही तिला कळलं. हात दाखवून अवलक्षण करवलं मी त्या माणसाकडून. मी पहिल्यांदाच सरांसमोर रडले. तेच उठून मला टिश्यू आणून देत होते, कप्पाळ माझं.

शनिवारी सकाळी त्यांचा फोन आला. जोलीन, ब्रिनली आणि मुलगे पुढे गेले होते. "माझ्याने ड्राइव्ह होईल असं वाटत नाही," म्हणाले. मी पंजाबी ड्रेसवर जाड जॅकेट चढवलं आणि निघाले. बर्फ भुरभुरत होता. वाटेत मी एक अक्षर बोलले नाही. मी तेव्हाच ठरवलं होतं, या बाबतीत आता तोंड उघडायचं नाही म्हणजे नाही. पुरे झाला माझा शहाणपणा.

मंदिराच्या दाराशीच एक खोली आहे. कार्ड नसलेल्यांनी तिथे थांबायचं. सोफे, फुलं, पाण्याचं भांडं, सगळं व्यवस्थित. सरांची चार नातवंडं कार्पेटवर रंगवत बसली होती, आणि एक आजीबाई त्यांच्यावर लक्ष ठेवत होत्या. मोठ्या माणसांत आम्ही दोघंच. सूट घातलेला नवरीचा बाप, आणि मी.

पावणेअकराला सरांनी कोटाच्या आतल्या खिशातून काहीतरी काढलं. कार्ड! मला वाटलं होतं, परत केलं असेल.

"बिशपला आज द्यायचं होतं," ते म्हणाले. "पण तो आत आहे. माझ्याऐवजी साक्षीदार म्हणून बसलाय. एरवी ती जागा बापाची असते."

त्यांनी कार्डाकडे बघितलं, आतल्या दाराकडे बघितलं. तिथे टेबलाशी पांढऱ्या कपड्यांतले एक म्हातारे गृहस्थ बसले होते. कार्ड दाखवलं की ते हसून आत सोडत होते, मी बघत होते ना. पंधरा पावलंही नव्हती. सर उठले. ओठावर आलं होतं, सर, जा. पण मी जीभ आवरली. ते मिनिटभर उभे राहिले, मग कार्ड खिशात ठेवून पुन्हा बसले.

अकरा वाजले. "आता सगळे बसले असतील," सर हळू आवाजात म्हणाले. "छोटी खोली असते. दोन्ही भिंतींवर समोरासमोर आरसे. त्यांत बघितलं की आपण दिसतो, आपल्यामागे आपण, त्याच्या मागे आपण, संपतच नाही." त्यांचे डोळे घड्याळावर होते. "आता लग्न लावणारा दोन शब्द बोलत असेल. आता दोघं गुडघे टेकतील. मध्ये मखमलीचं आसन असतं. आता एकमेकांचा हात धरतील." एकेक पायरी सांगत होते, एकही न गाळता. चार मुलांची लग्नं बघितलेली, स्वतःचं झालेलं. "आता तिला विचारतील." थांबले. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. "आता ती हो म्हणाली," सर म्हणाले, आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. आमच्या दोघांच्या वयाला आणि ओळखीला शोभेल न शोभेल, मला तेव्हा सुचलंच नाही.

मग दार काही उघडेना. साडेअकरा झाले. पावणेबारा झाले. "फोटो काढत असतील," मी म्हटलं. "आत फोटो काढत नाहीत. फोनसुद्धा बाहेर लॉकरमध्ये ठेवावे लागतात," सर म्हणाले.

बाराला दहा मिनिटं असताना दार उघडलं आणि पांढऱ्या ड्रेसमधली ब्रिनली बाहेर आली. मागे नवरा, मागे जोलीन, भाऊ, वहिन्या. नातवंडं ओरडत धावली. तिने सगळ्यांना बाजूला केलं आणि सरळ बापाच्या गळ्यात पडली. सरांनी कोट काढून माझ्या हातात दिला होता, चुरगळू नये म्हणून. मी अगदी शेजारी उभी होते, म्हणून ऐकू आलं.

"डॅड, आम्ही उशिरा सुरू केलं," ती म्हणाली. "मीच थांबवलं सगळ्यांना. वीस मिनिटं. दार वाजलं की मी बघायची."

सर म्हणाले, "पण तू म्हणाली होतीस..."

"म्हणाले होते," ती म्हणाली. "मग आत गेले, तुझी खुर्ची बघितली, आणि मला काहीच नको झालं. खोटं तर खोटं, वाटलं, येऊ दे. पण फोन लॉकरमध्ये होता, डॅड. मला बाहेर यायला कुणी देईना. म्हणाले, अजून लग्नं रांगेत आहेत."

सर तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. बाहेर फोटोग्राफर हाका मारत होता, बर्फ वाढायच्या आत घेऊन टाकू म्हणून. बाप-लेक हात धरून पायऱ्यांवर गेले, आणि जोलीन जावयाची टाय सरळ करायला लागली.

मी कोट धरून आतच उभी राहिले. खिशातलं कार्ड कापडाच्या आतून बोटांना लागत होतं. जन्मभर नको तिथे बोलत आले मी. आणि अकरा वाजता, पोरगी आत दाराकडे बघत बसलेली असताना, मला फक्त एक शब्द म्हणायचा होता. जा.